लॉरीतल्या बाया

कारंजा,
ता. ५ जानेवारी १९५५

तीर्थरूप गं. भा. जिजाअक्कास धाकट्या गोजराचा सा. न. वि. वि.

इकडं आमी सगळे खुशाल. तू मात्र बहिणीले चार ओळी लिहाले आळस करते आन् दादाच्या वांग्याले दोन टाइम पानी देते, हे काही बरं नाही. वांगी काय तुह्या मयतीले येनार आहेत? चिडू नोको, मस्करी केली.

हंगाम जोरात आहे. कापसाच्या गाड्यांची रांग जिनच्या आवारातून पार सडकेवर गेली. दिवसभर सरकी काढाच्या रेच्यात कापूस लोटून लोटून खांदे भरून येतात, नाकातोंडात रुई जाते, रात्री खोकला झोपू देत नाही. पन हात आता चांगला बसला. माह्या शेजारच्या रेच्यावर तांड्यावरची धनीबाई आहे, तुले मांगं सांगतलं व्हतं. पयल्या हंगामात तिनंच मले शिकवलं, रुळाजवळ बोट जाऊ न देता कापूस कसा लोटाचा ते. तिचे उपकार आहेत, माही धाही बोटं जागेवर आहेत.

आता खरी गोष्ट सांगतो. आमची युनियन होऊन राह्यली! अकोल्याहून युनियनचे सेवालालभाऊ येतात. ते म्हनतात, कामगारांनी एकत्र बसाचा, आपली मंडळी उभी कराचा हक्क आता देशाच्या कायद्यात आहे, तो कोन्या शेठले काढून घेता येत नाही. देशाच्या कायद्यात असन बाप्पा, पन आमच्या मुकादमाच्या, त्या मदनसिंगाच्या कायद्यात नाही. सभेले जो दिसन त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा मानूस. मानसं तरी पानठेल्यावर उभी राहून बोलू शकतात, आमच्या घरचे तसेच मेंबर झाले. बायांनी कुठं जमाचं? चार जनी नळावर उभ्या राह्यल्या तं मदनसिंग येऊन इचारते, कायची पंचायत भरवली.

मंग म्याच डोकं चालवलं. संक्रांत आली ना! हळदीकुंकवाले कोन अडवन? रथसप्तमीपर्यंत रोज एकीच्या घरी हळदीकुंकू ठेवाचं आन् तिथंच सभा. कुंकू लावता लावता हळूच इचाराचं, मेंबर व्हतं का म्हनून. आमच्या जिनातल्या हिरीबाईनं तं मले मिठीच मारली, पयलं हळदीकुंकू तिच्याच घरी आहे. सेवालालभाऊ म्हनले, हे आमाले जन्मात सुचलं नसतं. तुही बहीन साधीसुधी नाही, समजलं?

वानाले काय लुटावं ते तू सुचव. दादाच्या गाडीवर बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे पाठवजो. आन् तू सोता आली तं लयच बरं होईन, मांगं सैपाकघरात लाडू वळाले कोनी तरी पायजेच.

दादाले, वयनीले नमस्कार. माह्यावरची माया पातळ होऊ देऊ नोको.

तुही,
गोजरा


इंझोरी,
ता. ११ जानेवारी १९५५

चि. सौ. गोजरास जिजाचे अनेक आशीर्वाद.

तुहा कागद आला. वांगी मयतीले येत नाहीत, पन बजारात त्यायलेच भाव येते, बहिणीले नाही. म्हनून पानी त्यायले.

गाडीवर बोरं, गाजरं, घाटे आन् पावशेर तीळ पाठवले. तीळ वयनीच्या नकळत काढले, तिच्यापाशी बोलू नोको. वानाले आरसे-फन्या सगळ्याच लुटतात. तू हातभर मलमलचं फडकं लुट, एकेकीले एक. रेच्यावर नाकातोंडाले बांधाले होईन, खोकला तरी कमी होईन.

लाडू वळाले मात्र मी येत नाही. तुह्या घरी सवाशिनी बसतील आन् मी सैपाकघराच्या दारातून पाह्यत राह्यन, ते मले जमत नाही. इथंही वयनीचं हळदीकुंकू असलं की मी मळ्यात निघून जातो. कोनी जा म्हनत नाही, थांब पन म्हनत नाही. दादा तं पाट लावून देतो म्हनला व्हता, म्याच नाही म्हनलं, मंग आता कुरकुर कायले करू?

एक इचारतो. ती धनीबाई, तुही बोटं वाचवनारी. तिचा मालक वारला ना? मंग ती तुह्या सभेले येते का? जिनात तिच्यासारख्या आनखी कितीक बाया असतील. नुसतं इचारलं, मनावर घेऊ नोको.

मदनसिंगाच्या तोंडी लागू नोको. तुले लय बोलाची सवय आहे, लहानपनापासून. जिवाले जपजो आन् आमची आठवन ठेवजो.

जिजा


कारंजा,
ता. १३ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप गं. भा. जिजाअक्कास गोजराचा सा. न. वि. वि.

कागदाले महिना झाला, रागावू नोको. इथं संप सुरू आहे! तुही बहीन सकाळपासून फाटकासमोर बसून असते. घसा पार बसला.

सगळं सांगतो. हळदीकुंकू असं रंगलं का इचारू नोको. तुहं फडकं तं सगळ्यायले आवडलं. रथसप्तमीपर्यंत जिनातल्या सगळ्या सवाशिनी मेंबर झाल्या. मंग कोनीतरी मदनसिंगाच्या कानात घातलं. त्यानं हिरीबाईले रेच्यावरून उठवलं आन् फाटकाबाहेर काढलं. तिचा गुन्हा काय, तं तिच्या घरी सभा झाली. आमी सगळ्या महादेवाच्या देवळात गेलो, बेलभंडार उचलला. हिरीबाईले तिच्या रेच्यावर परत घ्या, आन् युनियन मान्य आहे असं शेठनं लिहून द्यावं. तवापर्यंत आत पाय ठेवनार नाही. आवारात कापसाचे ढीग पडले आहेत, शेठचा जीव वरखाली होते. तीन-चार दिवस पुरं जिन बंद राह्यलं असतं ना, तं तो हात जोडत आला असता.

पन बंद राह्यलं नाही. काहून, तं धनीबाई! ती आन् तिच्यासारख्या दहा-बारा बोडक्या बाया, सरळ आमच्या समोरून आत गेल्या. तू इचारलं व्हतं तिले सभेले बोलावते का म्हनून. अवो, हळदीकुंकवाले तिले कसं बोलावनार? तिच्याच जिवाले लागलं असतं. मी तिचं भलंच पाह्यलं, आन् तिनं आमच्या पाठीत सुरा घातला.

काल तं मदनसिंगानं कहर केला. लॉरी भरून बाया आनल्या, कोन्या गावच्या देव जाने. सगळ्या विधवा. तोंडावर हा एवढा पदर. लॉरी फाटकापाशी थांबली तशी मी पुढं झाली आन् पुऱ्या ताकतीनं वरडली, का नवरा गिळला, आता आमची भाकर गिळाले आल्या! अशा हासल्या ना सगळ्या! आमच्यातल्या चतुराबाईनं तं टाळ्या वाजवल्या. आता आमी रोज सकाळी हेच वरडनार. तू असती तं पोट धरून हासली असती.

दादाले सांगजो, काळजी करू नोको. बहिणीच्या पाठीवर तुहा हात राहू दे.

तुही,
गोजरा


जिनच्या आतून, कारंजा,
ता. १६ फेब्रुवारी १९५५

चि. सौ. गोजरास जिजाचे आशीर्वाद.

तू इंझोरीले कागद लिहिला असशीन तं तो मले भेटला नाही. मी तिथं नाही. तुह्या घरापासून हाकेवर आहे, फाटकाच्या आतल्या अंगाले; रात्रीही आतच निजतो. शनिवारच्या लॉरीत मी व्हती.

मदनसिंग गावात आला तवा म्हनला, मंगरूळपीरच्या जिनात काम आहे, मांगं-पुढं कोनी नाही अशा बाया पायजेत, म्हनजे घरचे हाका मारत नाहीत. दादा गप राह्यला. वयनीनं माहं लुगडं धुवून ठेवलं. मले वाटलं, चार दिवस आपल्या हातानं कमावलेली भाकर खाऊ. फाट्यावर लॉरी कारंज्याकडं वळली तरी मी काही इचारलं नाही. उलट बरं वाटलं, गोजरा भेटन म्हनून.

फाटकापाशी गर्दी दिसली तवा समजलं का इथं संप आहे. मी उतरनार व्हती. एक पाय खाली टाकला व्हता, खोटं नाही सांगत. तवाच तू वरडली. मळ्यातली पाखरं हाकाले दादा तुलेच उभं करे, तुहा आवाज मी हजारात ओळखीन. तू काय म्हनली ते पुन्हा लिहीत नाही. बाया हासल्या. मी पाय वर घेतला आन् पदर आनखी खाली ओढला.

माह्या मालकाले सापाचं पान लागलं त्या रात्री तू माह्यापाशी व्हती, गोजरा. तुनंच मले धरून ठेवलं व्हतं. मी काय गिळलं आन् काय नाही, हे तुह्याहून जास्ती कोनाले माहीत आहे?

रागात आत गेली, हे कबूल करतो. आता तेही टोचते. मदनसिंगानं मले ज्या रेच्यावर उभं केलं तो हिरीबाईचा आहे म्हनतात. दुसरीच्या जागेवर हात चालवतो तं कापूसही जड लागते. शेजारी धनीबाई असते. मलेही तिनंच शिकवलं. मी तुही बहीन आहे हे तिले सांगाची हिंमत झाली नाही. ती म्हनते, संप आहे हे तिले फाटकावर आल्यावर समजलं. महिनाभर शेजारच्या रेच्यावरच्या बाया कानात कुजबुजत व्हत्या आन् ती आली का गप होत. तिले वाटलं तिच्याच विषयी बोलतात. कोनी एका शब्दानं सांगतलं असतं तं सगळ्यायच्या आंधी मीच बाहेर बसली असती, असं म्हनते.

फाटकाजवळच्या पेटीत हा कागद टाकीन. सुखी राह्य.

जिजा


कारंजा,
ता. १८ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप जिजाअक्कास,

नमस्कार कोन्या तोंडानं लिहू? तुहा कागद सकाळी आला. मी वाचला आन् फाटकावर गेलीच नाही. आमच्या घरच्यायनं इचारलं तं सांगता येईना, कागदच त्यायच्या हातात देला. त्यायनं वाचून घडी केली आन् परत देला. त्यायनं मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

अक्का, इंझोरीले एक कागद पडला असन. तुह्या पायी पडतो, तो वाचू नोको, वयनीले सांग चुलीत घाल. त्यात मी ते सगळं मोठ्या फुशारकीनं लिहिलं आहे. तू पोट धरून हासशीन असंही लिहिलं आहे.

मी तुले लाडू वळाले बोलावलं व्हतं. ते आज आठवलं. तुनं धनीबाईचं इचारलं व्हतं, ते तू तुहंच इचारत व्हती, मले समजलं नाही. मले वाटलं, मी लय हुशार. सगळ्यायले जमवाची अशी युक्ती काढली का ज्यायले सगळ्यायच्या आंधी बोलवाचं त्याच दाराबाहेर राह्यल्या. धनीबाईनं माही बोटं वाचवली आन् मी तिले दगाबाज म्हनली.

दुपारी सभेत उभी राह्यली. म्हनलं, चूक माही आहे, त्यायची नाही; आपन त्यायले कधी इचारलंच नाही. चतुराबाई उसळली. म्हने, बेलभंडार आमी उचलला, त्या आत जाऊन पोटभर खातात, आन् आता आमीच त्यायच्या पाया पडाचं? लय गलका झाला. मंग हिरीबाई उठली. तिचाच रेचा गेला, तिचं सगळ्यायनं ऐकलं. ती म्हनली, मले एकटीले काढलं तं तुमी सगळ्या बाहेर आल्या, त्यायले तं आपनच आंधी काढून टाकलं व्हतं. मंग चतुराबाई खाली बसली.

तवा सांगतो. इथून पुढं सभा देवळामांगच्या वडाखाली, हळदीकुंकू नाही. रेच्यावर जो हात चालवते तो मेंबर. धनीबाईले सांग. आन् अक्का, तू बाहेर ये. पन खरं लिहितो, हे मी तुह्यासाठी लिहून राह्यलो का संपासाठी, ते माहं मलेच समजत नाही. तुमी आत असल्यानं जिन चालते, हेही मनात येते. त्याचीही लाज वाटते.

मले आशीर्वाद लिहू नोको. नुसता कागद लिही.

गोजरा


जिनच्या आतून,
ता. २० फेब्रुवारी १९५५

चि. गोजरास,

तू नोको म्हनली तरी आशीर्वाद लिहितो. मोठी आहे मी.

तुहा कागद धनीबाईले वाचून दाखवला. तुह्यामाह्या नात्याचं पन सांगतलं. ती म्हनली, म्हनून तू रेच्यावर रडत व्हती.

काल सरकीच्या कोठारात आमी सगळ्या बसलो, इथल्या आन् लॉरीतल्या. पयल्यांदा आमचीही सभा झाली म्हन. काही जनींचं म्हननं पडलं, का ज्यायनं हासून हासून शिव्या देल्या त्यायच्यासाठी आमी कायले उपाशी मराचं? त्यायचं चुकलं असं मले म्हनता आलं नाही. धनीबाई म्हनली, संप कराचा हक्क सगळ्यायले आहे असं ते अकोल्याचे भाऊ म्हनतात ना? मंग तो आमालेही आहे. कोनी बोलावलं नाही म्हनून तो कुठं जात नाही. आमी तुमच्या बोलावन्यानं नाही येत, आमच्या मनानं येतो.

म्हनून आमचं असं ठरलं. मंगळवारी दुपारचा भोंगा झाला का सगळे रेचे थांबतील आन् आमी बाहेर येऊ. शेठशी बोलाले जे पाच जन बसतील त्यात धनीबाई पायजे. आन् बाहेर आल्यावर कोनी हारतुरे घेऊन पुढं येऊ नये. आमाले मिरवाचं नाही.

मी एकटी कवाच बाहेर आली असती. पन मंग ते तुह्यासाठी झालं असतं. धनीबाईले मांगं टाकून येनं मले जमलं नाही.

तुहा आवाज आजूनही कानात आहे. रागावून लिहीत नाही, आहे म्हनून लिहिलं.

जिजा


कारंजा,
ता. २७ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप जिजाअक्कास गोजराचा नमस्कार.

दादाचा निरोप आला, तू इंझोरीले सुखरूप पोचली म्हनून. मले न भेटता गेली. मी तक्रार करत नाही, मले तोंड नाही.

संप जिंकलो आमी. मंगळवारपासून एक रेचा हालला नाही. बुधवारी अकोल्याहून सरकारी साहेब आले, शुक्रवारी शेठनं लिहून देलं. युनियन मान्य, हिरीबाई परत रेच्यावर. पाच जनांत धनीबाई बसली व्हती, शेठच्या समोर खुर्चीवर. मदनसिंग तिच्याकडं पाह्यना. तिनं सांगतलं का लॉरीतल्या बायायले पुढच्या हंगामात पयलं काम द्या, तेही कागदावर घेतलं. या हंगामापुरती मात्र त्यायले जागा नाही, त्या तं मंगळवारी बाहेर आल्या तशाच घरी गेल्या. सगळे गुलाल उधळत व्हते आन् माह्या मनात हेच, का संप आमी जिंकलो आन् माही बहीन रिकाम्या हातानं गेली.

त्या मंगळवारी मी फाटकाच्या तोंडाशीच उभी व्हती. तुमी सगळ्या एकामांगं एक बाहेर आल्या. आन् सगळ्यायनं पदर हनवटीपर्यंत ओढले व्हते, अक्का! माह्या बोलन्यानं ओढले व्हते. माही सख्खी बहीन त्यात आहे आन् मले ओळखता येईना. मंग मी जी समोर येईन तिच्या पायाले हात लावत गेली. बाई, चुकली मी, एवढंच म्हनत गेली. चतुराबाई मांगून ओढत व्हती, अपशकुन होते म्हने. मी हात झटकला तिचा. रडून रडून नंतर तं मले पायही दिसेनात. कोनाचे धरले, कोनाचे राह्यले, आठवत नाही.

तू त्यात व्हती का? का दुसऱ्या अंगानं निघून गेली? एवढं कळव. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरते.

दुसरं काही मागत नाही. बहिणीले पार टाकून देऊ नोको.

गोजरा


इंझोरी,
ता. ३ मार्च १९५५

चि. सौ. गोजरास जिजाचे अनेक आशीर्वाद.

इथं वयनीचे पाय सुजले आहेत, कामाचा भार माह्यावर आहे. कांदा काढनीले आला. तुहा तो जुना कागद वयनीनं जपून ठेवला व्हता. आल्या आल्या माह्या हातात देला, म्या वाचला. चुलीत घाल म्हनली व्हती, पन मंग घालून काय उपयोग. धनीबाई खुर्चीवर बसली हे वाचून लय बरं वाटलं. हिरीबाईले सांगजो, का तिच्या जागेवर उभी व्हती ती इंझोरीची जिजा हात जोडते. तुही चूक मोठी का माही, याचा हिशोब मी करत बसत नाही, दोन्ही आहेत.

आता तुह्या इचारन्याचं उत्तर. मी त्यात व्हती. तू माह्याही पायाले हात लावला. तुह्या डोळ्याचं पानी माह्या पायावर पडलं. तू म्हनली, बाई, चुकली मी, आन् मान वर न करता मांगच्या बाईकडं वळली. मी पदर बाजूले केला असता तं तू तिथंच माह्या गळ्यात पडली असती. मी केला नाही. बस स्टँडपर्यंत चालत गेली, बस लागलेलीच व्हती.

काहून केला नाही, ते बसमध्ये बसल्यावर समजलं. ती शिवी तुनं तुह्या बहिणीले देली नव्हती, कोन्या तरी परक्या विधवा बाईले देली व्हती. आन् माफीही तिलेच मागितली, तोंड न पाहता. म्हनून ती खरी वाटली. परकी बाई म्हनून मी तुले तिथंच, फाटकावर, माफ केलं. बहीन म्हनून आजून होत नाही, गोजरा. लय मनावर घेतो, पन होत नाही.

कागद मात्र लिहीत जाजो. माया आहे, ती ठेवजो म्हनून मले लिहावं लागत नाही आन् तुलेही नाही.

जिजा